राजा भित्रा आहे का?

बुद्धिबळात राजा एक घर चालतो, आठही दिशांना. ज्या घरात तो जाऊ शकतो, तिथलं शत्रूचं मोहरं तो मारूही शकतो. अट एकच: ज्या घरावर शत्रूचा मारा आहे तिथे पाय ठेवायचा नाही. नियम एवढाच. तरी गेल्या दिवाळीत याच नियमावरून माझे मामा आणि माझी मावसबहीण यांच्यात दुपारभर जुंपली. मामा देशी बुद्धिबळात वाढले. ताई स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करते. मी मध्ये बसून पट मांडून देत होतो. त्या भांडणातली पुनरुक्ती गाळून उरलेलं इथे देतो आहे.

मामा: तुमच्या या नियमांनी राजाला पार भित्रा करून टाकलंय बघ. डाव सुरू झाला की दहा चालींच्या आत पोरं किल्लेकोट, म्हणजे ते कॅसलिंग, करतात. राजा कोपऱ्यात, पुढे तीन प्यादी. मग डाव संपेपर्यंत तो तिथेच. याला राजा म्हणायचं का?

ताई: का नाही म्हणायचं? वजीर गेला तरी डाव चालतो, दोन्ही हत्ती गेले तरी चालतो. राजा अडकला की संपलं. मग त्याला जपायला नको?

मामा: आमच्याकडे किल्लेकोट नव्हता. राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी होती. तीसुद्धा त्याला आधी शह बसला नसेल तरच. म्हणजे शह खाल्ला की उडी गेली! त्यामुळे सुरुवातीपासून डोकं लावावं लागायचं.

ताई: पण मामा, ती उडी मारून तो जायचा कुठे? सुरक्षित घरीच ना? मग पळायची सोय तुमच्याकडेही होतीच की. युरोपातही जुन्या काळी राजाला अशी उडी होती, तिच्यातूनच पुढे कॅसलिंग आलं. एकाच घराण्यातली दोन भावंडं आहेत ती.

मामांना हे आवडलं नाही. त्यांनी लगेच मीर सुलतान खानचं नाव काढलं. पंजाबचा हा माणूस देशी नियमांवर वाढला, विलायती नियम मागाहून शिकला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षं ब्रिटिश विजेता झाला. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यानं माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते थेट २०२४ साली. ताई म्हणाली, मान्य आहे, पण तो जिंकला विलायती नियमांनीच. आणि या दोन नियमांची सांगड घालायचं काम त्याच्याही शंभर वर्षं आधी मुंबईत झालं होतं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक १८१४ साली मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं. मूळ संस्कृत, पण डाव युरोपीय पद्धतीला जुळवून दिलेले. म्हणजे हा वाद आपल्याकडे कधीच सामोपचारानं मिटलेला आहे, फक्त आमच्या घरात ती तडजोड अजून पोचली नव्हती.

मामा: बरं, तुझ्या किल्लेकोटावरच बोलू. राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे उडी मारतो. एका चालीत दोन मोहरी! हा न्याय कुठला?

ताई: म्हणून तर अटी आहेत ना. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नकोत. मधली घरं रिकामी हवीत. राजाला त्या वेळी शह नको, तो ज्या घरावरून जाणार त्या घरावर मारा नको आणि जिथे पोचणार तिथेही नको. पण नीट बघा, या सगळ्या माऱ्याच्या अटी राजासाठी आहेत. हत्तीवर मारा असला तरी चालतो. वजिराच्या बाजूला कॅसलिंग करताना हत्ती बी१ वरून जातो, त्या बी१ वर शत्रूचा उंट रोखलेला असला तरी चालतो.

मामा: हे किती जणांना माहीत असतं?

ताई: कोर्च्नॉयलाही खात्री नव्हती! १९७४ साली मॉस्कोत कार्पोव्हशी आव्हानवीर ठरवणारी लढत चालू होती. एकविसाव्या डावात कोर्च्नॉयच्या हत्तीवर मारा होता. तो उठून पंचांकडे गेला आणि विचारलं, आता कॅसलिंग केलं तर चालेल का? पंच म्हणाले, चालेल. त्यानं केलं आणि डाव जिंकला. जगातल्या पहिल्या चार-पाचांत गणला जाणारा माणूस, पण विचारायला लाजला नाही. आमच्या स्पर्धेत दहा वर्षांची मुलं हात वर करून विचारतात तेव्हा त्यांचे पालकच डोळे वटारतात.

तिनं आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली, ती स्पर्धेत मुलं पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. कॅसलिंग ही राजाची चाल समजली जाते, म्हणून आधी राजाला हात लावायचा. आधी हत्तीला आणि मग राजाला हात लावला, तर त्या चालीत त्या बाजूचं कॅसलिंग करता येत नाही.

मग गाडी मारण्यावर आली. खरा वाद इथे होता.

मामा: राजा भित्रा नाही म्हणतेस ना? हे बघ. (मामांनी माझ्या हातातून पट ओढून घेतला.) पांढरा राजा जी२ वर. काळ्याचं प्यादं एफ३ वर येऊन बसलंय, राजाला शह देतंय. प्यादं राजाच्या अगदी शेजारी आहे. त्याला जोर कुणाचा? ई५ वरच्या काळ्या घोड्याचा. पण तो घोडा हलूच शकत नाही, कारण ई१ वर माझा हत्ती आहे आणि घोड्याच्या मागे ई८ ला त्याचा राजा. घोडा हलला की त्याच्याच राजाला शह. मग जो जोर वापरता येत नाही, तो जोर कसला? माझ्या राजानं प्यादं का मारू नये?

ताई: नाही मारता येणार.

मामा: का पण?

ताई: फिडेच्या नियमात हे स्पष्ट लिहिलंय. स्वतःच्या राजामुळे जखडलेलं मोहरंसुद्धा आपल्या घरांवर मारा करतंच. ते तिथे जाऊ शकत नसलं तरी.

मामा: लिहिलंय हे उत्तर झालं नाही. आम्ही खेळायचो त्या देशमुखांच्या वाड्यात असं कुणी म्हटलं असतं तर पट उधळला असता.

मला इथे मामांची बाजू पटत होती. जखडलेला घोडा हा बंद पडलेल्या बंदुकीसारखा. तिला कोण घाबरेल? पण ताईनं पुस्तकातलं कलम बाजूला ठेवलं आणि कारण सांगितलं.

ताई: समजा, राजा मारायची परवानगी आहे. तुमच्या राजानं प्यादं मारलं. आता चाल कुणाची? काळ्याची. त्याचा घोडा एफ३ वर येऊन तुमचा राजा मारतो. डाव संपला. तुमचा हत्ती मग त्याचा राजा मारेल, हे खरं. पण तेव्हा तुमच्याकडे राजाच नाही! ज्याचा राजा आधी गेला तो आधी हरला. घोडा जखडलेला आहे तो राजाच्या भीतीनं. आणि शत्रूचा राजाच हाती आला तर त्याला कसली भीती?

मामा थोडा वेळ पटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, हं, म्हणजे चालीचा हिशेब आहे. त्यांनी हार मानली नाही, पण घोडा परत डब्यात ठेवला.

ताई: सगळ्या खेळाची गंमत इथेच आहे. राजाला मारणं हे कधी घडतच नाही, तरी प्रत्येक चाल त्या न घडणाऱ्या गोष्टीला धरून चालते. स्वतःचा राजा माऱ्यात सोडणं जसं नियमाबाहेर, तसं समोरच्याचा राजा मारणंही नियमाबाहेरच.

मामा: पण रस्त्यावरच्या, पाच मिनिटांच्या डावात सगळे राजा उचलतात की!

ताई: उचलतात. स्पर्धेत उचलला तर ती चूक. समोरच्यानं शह मोडला नाही तर घड्याळ थांबवायचं आणि पंचाला बोलवायचं. नाहीतर रियाधसारखा घोळ होतो.

तो घोळ २०१७ च्या जागतिक ब्लिट्झ स्पर्धेतला, अगदी पहिल्याच फेरीतला. मॅग्नस कार्लसननं हत्तीनं शह दिला. समोरच्या इनार्कीएव्हनं तो शह न मोडता स्वतःच्या घोड्यानं उलट शह दिला. हा काटशह नव्हे. काटशहात आपल्यावरचा शह मोडताना समोरच्याला शह बसावा लागतो. कार्लसनच्या हे लक्षात आलं नाही, त्यानं आपला राजा बाजूला नेला. इनार्कीएव्हनं घड्याळ थांबवलं आणि म्हणाला, कार्लसननं नियमाबाहेरची चाल केली, डाव माझा. पंचांनी आधी त्याला डाव दिलासुद्धा. मग निर्णय फिरला आणि डाव पुढे खेळा असं ठरलं. इनार्कीएव्ह खेळायला तयार झाला नाही, गुण कार्लसनला गेला. ती स्पर्धाही शेवटी कार्लसननंच जिंकली. मामांना हा किस्सा इतका आवडला की त्यांनी तो मामींना बोलावून पुन्हा सांगायला लावला. माझ्या मते इनार्कीएव्हचा दावा हुशारीचा होता, पण खेळाचा नव्हता.

मामा: ठीक आहे, नियम तुझे. पण ताकद? राजाची ताकद तुमच्या क्लासवाल्यांना दिसतच नाही. प्याद्याचा एक, घोड्याचे तीन, उंटाचे तीन, हत्तीचे पाच, वजिराचे नऊ. राजापुढे काही लिहीत नाहीत.

ताई: कारण त्याची अदलाबदल करता येत नाही. किंमत देवाणघेवाणीची असते.

मामा: लढायची किंमत विचारतोय मी.

ताई: ती साधारण चार प्याद्यांएवढी धरतात. घोड्याउंटापेक्षा थोडी जास्तच. आणि हिशेबही करता येतो. रिकाम्या पटावर राजा कोपऱ्यात असला तर त्याला तीन घरं, कडेला पाच आणि आतल्या छत्तीस घरांत कुठेही आठ. सगळ्या चौसष्ट घरांची बेरीज ४२० होते. घोड्याची ३३६ भरते. म्हणजे घोड्यापेक्षा राजाच्या चाली जास्त आहेत. फक्त त्या आखूड आहेत.

मामा: मग? कोपऱ्यात ठेवलात म्हणजे आठातल्या पाच चाली तुम्हीच काढून घेतल्यात!

ताई: पटावर वजीर फिरत असताना आठ चाली घेऊन करायचं काय?

मामा: काय करायचं ते शॉर्टनं दाखवलंय.

मामांना परदेशी डाव आवडत नाहीत असं आम्हाला वाटायचं. पण निजेल शॉर्टचा टिम्मनविरुद्धचा डाव त्यांना चाल चाल पाठ होता. टिलबर्ग, १९९१. पटावर दोन्ही वजीर आणि चारही हत्ती शिल्लक. शॉर्टचा वजीर एफ६ वर, काळ्या राजाच्या तोंडावर. एक हत्ती सातव्या पट्टीवर घुसलेला. टिम्मनचा राजा जी८ वर गुदमरलेला, पण मात देणार कोण? वजिराला जी७ वर मात द्यायला एका मोहऱ्याचा जोर हवा होता आणि मोकळं मोहरं एकही नव्हतं. मग शॉर्टनं राजाच उचलला. जी१ वरून एच२, तिथून जी३, मग एफ४, मग जी५. पुढची चाल एच६ आणि वजिराची जी७ वर मात. टिम्मननं डाव सोडला.

मामा: बोल आता. वजीर पटावर असताना राजा पाचव्या पट्टीवर गेला. हाच तो तुमचा जपायचा ऐवज?

ताई: मामा, त्याची घरं बघा. एच२, जी३, एफ४, जी५, एच६. सगळी काळी घरं. प्रत्येक चाल तिरकी. टिम्मनकडे उरलेला उंट कुठला? पांढऱ्या घरांचा. तो उंट जन्मात त्या राजाला शह देऊ शकत नव्हता. बाकीची मोहरी आपापल्या रखवालीत अडकलेली. शॉर्टनं आधी खात्री केली की वाटेत कुणी शिवणार नाही, मग निघाला. तुम्ही याला शौर्य म्हणता, मी नियम पाळणं म्हणते. माऱ्याच्या घरात पाय ठेवला नाही त्यानं.

मामा गप्प. हा मुद्दा मीही याआधी कुठे ऐकला नव्हता. डाव पुन्हा मांडून बघितला, ताईचं बरोबर होतं.

ताई: आणि दुसऱ्या राजाची गोष्ट सांगू? तोही असाच चालत गेला. लंडन, १९१२. एडवर्ड लास्कर आणि सर जॉर्ज थॉमस. (बॅडमिंटनचा थॉमस करंडक, जो भारतानं २०२२ मध्ये जिंकला, तो याच थॉमसच्या नावाचा.) लास्करनं एच७ वर वजीर देऊन शह दिला. काळ्या राजाला तो मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण दुसरी नियमात बसणारी चालच नव्हती. राजानं वजीर मारला! आता याच्यापेक्षा मोठी शिकार कुठली? तिथून तो एच६, जी५, एफ४, एफ३, जी२ असा शहामागून शह खात जी१ ला पोचला, पार शत्रूच्या घरात. सात चाली, आणि त्यातली स्वतःच्या मर्जीची एकही नाही.

मामा: आणि मात कुणी दिली माहीत आहे का तुला?

ताई: पांढऱ्या राजानं.

मामा: म्हणजे मला सांगायला ठेवलंच नाहीस.

राजा स्वतः कुणाला शह देऊ शकत नाही, कारण दोन राजे शेजारी येऊच शकत नाहीत. पण तो बाजूला झाला की मागचा हत्ती शह देऊ शकतो. लास्करनं राजा डी२ वर नेला, ए१ चा हत्ती मोकळा झाला आणि पहिल्या पट्टीवर काळ्या राजाला मात बसली. गंमत म्हणजे त्याच जागी त्यानं वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं असतं तरी मातच होती. मामांच्या नावडत्या किल्लेकोटानं मात! त्यांनी ती चाल दोनदा मांडून पाहिली आणि काही बोलले नाहीत.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा मामांनी शेवटचा डाव मांडला. पटावर चारच मोहरी. पांढरा राजा एच८ वर, पांढरं प्यादं सी६ वर. काळा राजा ए६ वर, काळं प्यादं एच५ वर. चाल पांढऱ्याची, बरोबरी करायची आहे. रिचर्ड रेटीची ही रचना १९२१ सालची.

मामा: माझा राजा कोपऱ्यात, त्याचं प्यादं तीन घरं पुढे पळतंय. पाठलाग केला तर दोन चाली कमी पडतात. माझं प्यादं वाचवायला गेलो तर तेही लांब. दोन्ही कामं अशक्य. मग करायचं काय?

ताई: तिरकं चालायचं. जी७, एफ६, ई५.

मामा: का?

ताई: कारण पटावर तिरकी चालही एकच चाल. सरळ गेलं काय, तिरकं गेलं काय, मोजणी तीच. ई१ वरून ई८ ला जायला सात चाली लागतात, पण त्या सात चालींत जायचे वेगवेगळे रस्ते ३९३ आहेत. म्हणून राजा वेळ न घालवता वाट वाकडी करू शकतो. ई५ वर आला की एकीकडे एफ४ वरून काळं प्यादं पकडायचं, दुसरीकडे डी६ वरून आपल्या प्याद्याला जोर द्यायचा. काळ्यानं सी६ चं प्यादं मारलं तर राजा त्याच्या प्याद्याला गाठतो. प्यादं पळवलं तर दोघांचेही वजीर होतात. दोन्हीकडून बरोबरी.

मामा: याच चालीसाठी तुझ्याशी दुपारपासून भांडतोय मी. कोपऱ्यातल्या राजाला हे सुचेल का?

ताई: नाही सुचणार. पण पटावर वजीर असता तर जी७ वर पाय ठेवल्याबरोबर त्याला शह बसला असता, हेही खरं ना?

यावर मात्र मामा हसले. मग माझ्याकडे वळून त्यांनी आणखी एक जागा दाखवली: पांढरा राजा डी६ वर, पांढरं प्यादं ई७ वर, काळा राजा ई८ वर. प्यादं काळ्या राजाच्या नाकासमोर आहे, पण त्याला पांढऱ्या राजाचा जोर असल्यामुळे मारता येत नाही. चाल काळ्याची असेल तर त्याला एफ७ वर जावंच लागतं, पांढरा राजा डी७ वर येतो आणि प्याद्याचा वजीर होतो. आणि चाल पांढऱ्याची असेल तर? राजा ई६ वर आणला की काळ्याला हलायला घरच उरत नाही, शहही नसतो, म्हणजे स्टेलमेट. दुसरीकडे कुठे नेला की प्यादं जातं. मोहरी तीच, घरं तीच, फक्त चाल कुणाची एवढ्यावर जिंकणं आणि बरोबरी ठरते.

मला विचाराल तर त्या दुपारी ताई जास्त बरोबर होती. राजाला भित्रा कुणी केलेला नाही. माऱ्याच्या घरात न जाण्याचा नियम मामांच्या देशी खेळातही होताच. पण मामांची एक तक्रार मी त्यांच्या बाजूनं पुढे नेतो. आपल्याकडे बुद्धिबळाचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत आणि पहिल्याच महिन्यात मुलांच्या हातात सुरुवातीच्या चालींची पाठांतरं दिली जातात. सहा वर्षांच्या मुलाला सिसिलियनच्या दहा चाली म्हणता येतात आणि ई७ च्या त्या प्याद्यापुढे त्याला काय करायचं ते कळत नाही. कापाब्लांका आयुष्यभर सांगत आला की शिकणं डावाच्या शेवटापासून सुरू करावं. मुलांना शिकवणाऱ्यांनी एवढं ऐकावं: पहिले काही दिवस पटावर फक्त दोन राजे आणि एक प्यादं ठेवा, बाकीची मोहरी डब्यात राहू द्या.